जिल्ह्याची रेषा त्यांनी आखली, जनगणनेचा रकाना आपल्याला भरायचा आहे



"आपल्या वाशीम जिल्ह्यात आपण किती?" हा एक साधा प्रश्न मी गेल्या वर्षभरात विहारात, वसतिगृहात, जयंती मंडळाच्या बैठकीत, महिला मंडळात विचारत आले. कुणी म्हणालं २० टक्के, कुणी २५, एक जण तर म्हणाला, "ताई, आपणच जास्त आहोत, फक्त एक होत नाही." नक्की आकडा मात्र एकालाही सांगता आला नाही. ज्या समाजाचे आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच आणि वस्तीचा निधी हे सगळं लोकसंख्येच्या आकड्यावर ठरतं, त्या समाजाच्या कार्यकर्त्याला स्वतःचा आकडा माहीत नाही. मला हे दारिद्र्यापेक्षाही मोठं संकट वाटतं.

तर आधी आकडे. २०११ च्या जनगणनेनुसार वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६०. तालुके सहा: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. अनुसूचित जाती सुमारे १९ टक्के, अनुसूचित जमाती ७ टक्क्यांच्या आसपास. धर्माच्या तक्त्यात बौद्ध १५ टक्क्यांच्या आसपास. शहरात राहणारे पाचातला एकही नाही. बाकी सगळा जिल्हा खेड्यात. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले 'आकांक्षित जिल्हे' निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपलं वाशीम. आकांक्षित हा गोड शब्द आहे, त्याचा अर्थ मागे ठेवलेला.

आता पुढची जनगणना दारात आहे. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. त्याआधी घरयादीची फेरी २०२६ मध्ये. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची नोंद होणार आहे. आणि आपले तरुण काय करत आहेत? कोणत्या गटाचा बॅनर मोठा यावर भांडत आहेत.

आमच्या ओट्यावर काय घडलं

२०११ ची गोष्ट सांगते. मी तेव्हा कॉलेजात होते. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी प्रगणक म्हणून एक गुरुजी आले. ओट्यावर बसले, आजोबांनी पाणी दिलं. सातवा प्रश्न धर्माचा. आजोबा म्हणाले, "गुरुजी, धर्म बौद्ध लेहा बरं." गुरुजींनी बौद्ध लिहिलं, शेजारच्या चौकटीत ५ हा कोड टाकला. आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान. पुढचा, आठवा प्रश्न अनुसूचित जाती-जमातीचा. तो त्यांनी विचारलाच नाही. थेट 'दोन्ही नाही' असा कोड टाकून पुढे सरकले. मी वाकून पाहत होते म्हणून दिसलं. विचारलं तर म्हणाले, "अगं, तुम्ही बौद्ध ना? मग जात कशाला? तुमच्या बाबासाहेबांनीच सोडायला सांगितली."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. आवाजात कुत्सितपणाही नव्हता. पण त्यांना कायदा माहीत नव्हता, आणि आम्हालाही नव्हता. आजोबा मान डोलावून म्हणाले, "बरोबर आहे." आमच्या घरातली सात माणसं त्या दिवशी अनुसूचित जातींच्या मोजणीतून गेली. त्या वस्तीत घरं किती होती आणि प्रत्येक घरी काय लिहिलं गेलं, हे आता कुणाला शोधता येणार?

बरं, हे आमच्याच ओट्यावर घडलं असतं तर मी लेख लिहिला नसता. राज्याचा आकडा पाहा. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२००. त्यातले अनुसूचित जाती म्हणून नोंदले गेले ५२ लाखांच्या आसपास. म्हणजे सुमारे १३ लाख बौद्ध अनुसूचित जातींच्या मोजणीत नाहीत. त्यातले काही ओबीसी, भटक्या, आदिवासी समाजातून धम्मात आलेले असतील, त्यांचा प्रश्न वेगळा. पण महाराष्ट्रातला धम्म कुणी घेतला हे आपल्याला ठाऊक आहे. या १३ लाखांत बहुसंख्य माझ्या आजोबांसारखेच असणार.

१३ लाख म्हणजे किती? अख्ख्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख. एका जिल्ह्यापेक्षा जास्त माणसं आपण रकान्यात हरवून बसलो. दंगल झाली नाही, कुणी अत्याचार केला नाही, कायदा बदलला नाही. फक्त एक कोड चुकला.

रकान्याची किंमत

काही मित्र म्हणतात, कागदावरच्या आकड्याने काय होतं? त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि १९६१ ला आकडा झाला २७,८९,५०१. जगाच्या इतिहासात अशी झेप क्वचितच दिसेल. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस फक्त हिंदूच असू शकत होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. धम्म घेतला की केंद्राच्या यादीतून बाहेर, राखीव मतदारसंघातून बाहेर. महाराष्ट्र सरकारने आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण संसद आणि विधानसभेतला वाटा केंद्राच्या यादीवर चालतो. ही शिक्षा ३४ वर्षं चालली. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने कायदा दुरुस्त केला, तेव्हा ती संपली.

परिणाम बघा. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण १९८१ ला ७.१४ टक्के होतं, १९९१ ला ते ११.०९ टक्के झालं. दहा वर्षांत इतकी मुलं जन्माला आली का? नाही. माणसं तीच होती, फक्त त्यांना मोजायला सुरुवात झाली.

पण जागा वाढल्या का? नाही. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने मतदारसंघ १९७१ च्या जनगणनेवर गोठवले होते. १९७१ ला बौद्ध मोजणीबाहेर होते. म्हणून २८८ पैकी फक्त १८ जागा अनुसूचित जातींना. १९९५, १९९९, २००४ या तीन विधानसभा निवडणुका आपण कायद्याने अनुसूचित जाती असूनही त्या १८ जागांवरच लढलो. २००८ च्या पुनर्रचनेत १८ च्या २९ झाल्या आणि लोकसभेच्या ३ च्या ५.

आता दुसरी बाजू. ही पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर झाली. आणि २००१ ला अनुसूचित जातींचं प्रमाण ११.०९ वरून १०.२ वर घसरलेलं होतं. का घसरलं? आपल्याकडे कुठला रोग आला होता? माझं उत्तर आमच्या ओट्यावरचंच आहे: 'बौद्ध ना? मग जात कशाला?' घटनेच्या अनुच्छेद ३३२ प्रमाणे जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्याव्या लागतात. ११.०९ टक्क्यांनी २८८ पैकी ३२ जागा होतात, १०.२ टक्क्यांनी २९. तीन आमदार रकान्यात गेले. आणि २०११ चे ते १३ लाख धरले, तर अनुसूचित जातींचं प्रमाण ११.८ वरून १३ टक्क्यांवर जातं. पुन्हा तीन आमदारांचा फरक.

रेषा कोण आखतं?

आता जिल्ह्याच्या रेषेबद्दल. वाशीम हा जिल्हा काही निसर्गाने दिलेला नाही. इंग्रजांच्या काळात वाशीम जिल्हा होता. १९०५ मध्ये वऱ्हाडाची फेररचना करताना तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला गेलं, पुसद यवतमाळला. ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून कापून पुन्हा वाशीम जिल्हा झाला. १९०५ ला आपल्या आजे-पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं, १९९८ लाही नाही.

२००८ ला आणखी एक रेषा आली. त्याआधी वाशीम हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता. तो गेला. आज जिल्ह्यात विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत. रिसोड लोकसभेला अकोल्यात मतदान करतं. वाशीम आणि कारंजा यवतमाळ-वाशीममध्ये. कलेक्टर एक, एसपी एक, जिल्हा परिषद एक, पण खासदार दोन, आणि दोघांचंही बळ जिल्ह्याबाहेर. रिसोडच्या वस्तीतल्या माणसाने आपला प्रश्न घेऊन अकोल्याला जायचं आणि मानोऱ्याच्या माणसाने यवतमाळला.

शेजारचा बुलढाणा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. त्याच पुनर्रचनेत तो खुला झाला आणि अमरावती राखीव झाला. कुठली जागा राखीव, कुठली खुली, हे ठरवताना तिथल्या अनुसूचित जातींचं प्रमाण पाहिलं जातं. प्रमाण कशावरून? जनगणनेवरून. म्हणजे रेषा आखणाऱ्याच्या हातातसुद्धा शेवटी आपणच भरलेला कागद असतो.

रेषा महत्त्वाची नाही असं मी म्हणत नाही. १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी नकाशाकडे भाषेच्या अभिमानाने पाहिलं नाही. या रेषेच्या आत बहुसंख्य कोण होणार आणि कुणाच्या मेहेरबानीवर कुणाला राहावं लागणार, हे त्यांनी पाहिलं. आपण तीच नजर तालुक्यावर आणि जिल्हा परिषदेच्या गटावर टाकली पाहिजे. बौद्धवाडा प्रत्येक गावात आहे, बहुसंख्येने मात्र जवळपास कुठेच नाही. गटाची सीमा चार गावं इकडे-तिकडे सरकली की आपली टक्केवारी बदलते. प्रारूप रचना जाहीर होते तेव्हा हरकती घ्यायला मुदत असते. तुमच्या तालुक्यातून गेल्या वेळी किती हरकती गेल्या, एकदा विचारून पाहा.

पण जनगणनेआधी प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात. ३१ डिसेंबर २०२५ नंतर जनगणना पूर्ण होईपर्यंत जिल्हा, तालुका, गाव यांच्या हद्दी बदलायच्या नाहीत असं ठरलं आहे. म्हणजे रेषेची लढाई सध्या थांबली आहे. रकान्याची सुरू आहे.

वाशीमचा धडा

आकडा नसला की काय होतं, याचा धडा आपल्याच जिल्ह्याने देशाला दिला आहे. ४ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा गवळी निकाल आठवा. ते प्रकरण वाशीमहून गेलेलं. जिल्हा परिषदेत ५२ जागा. अनुसूचित जाती १९ टक्के आणि जमाती ७ टक्के धरल्या की तेराच्या आसपास जागा होतात. त्यावर ओबीसींना सरसकट २७ टक्के, म्हणजे १४. बेरीज निम्म्याच्या, म्हणजे २६ च्या पुढे. न्यायालयाने सांगितलं, ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडायची नाही, आणि ओबीसींचा वाटा ठरवायचा तर आयोग नेमा, प्रत्यक्ष माहिती गोळा करा. सरकारकडे माहिती नव्हती. वाशीमच्या १४ गटांत निवडून आलेल्यांची पदं गेली आणि तिथे पोटनिवडणूक लागली. अकोल्यातही तेच झालं.

पुढे राज्य सरकारने नेमलेल्या बांठिया आयोगाने मतदार यादीतल्या आडनावांवरून ओबीसींचं प्रमाण काढलं, ३७ टक्के. आडनावावरून जात! आपल्या भागात एकच आडनाव मराठा, माळी, बौद्ध, मातंग अशा चार घरांत सापडतं. १९३१ नंतर ओबीसींची मोजणी होऊ दिली नाही, आणि ९० वर्षांनी 'आकडे कुठे आहेत?' म्हणून त्यांच्याच जागा गेल्या. मोजणी न करणं हेही राजकारण असतं.

बाबासाहेबांना हे १९३२ मध्येच पुरतं कळलं होतं. लोथियन समितीचे ते सदस्य होते. तोवर जनगणनेत अस्पृश्य कोट्यवधी होते. पण आता आकड्यावर प्रतिनिधित्व मिळणार म्हटल्यावर काही प्रांतांतल्या पुढाऱ्यांनी सांगायला सुरुवात केली की आमच्याकडे अस्पृश्य जवळपास नाहीतच! बाबासाहेब त्या आकड्यासाठी समितीत एकटे भांडले. आणि आपण आपला आकडा ओट्यावर बसून मान डोलावून सोडून देतो.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच घरातला: "बौद्धाला जात नसते, जात लिहिली तर धम्माशी गद्दारी." ही भावना मी समजू शकते, आजोबांचीही तीच होती. पण धर्म हा आपण काय मानतो त्याचा रकाना आहे. अनुसूचित जात हा समाजाने आपल्यावर काय लादलं त्याचा. दवाखान्याच्या केसपेपरवर आजार लिहिला म्हणजे आपण आजाराचे भक्त होत नाही. न लिहिल्याने आजार बराही होत नाही. गावात भाड्याने खोली मागताना आडनाव विचारणारा माणूस जिवंत आहे तोवर तो रकाना जिवंत आहे. १९९० चा कायदा व्हावा म्हणून ज्या पिढीने मोर्चे काढले, ती काय धम्मद्रोही होती?

दुसरा आक्षेप नेमका उलटा: "हिंदू लिहा, नाहीतर सवलत जाईल." ही ३५ वर्षं जुनी भीती आहे. १९९० नंतर बौद्ध म्हणून नोंद केल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. शिवाय जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ प्रमाणे तुमची वैयक्तिक नोंद गोपनीय असते; ती कुणाला पाहता येत नाही, पुरावा म्हणून वापरता येत नाही. तुमचा जातीचा दाखला तिच्यावर अवलंबून नाही. तरी भीतीपोटी हिंदू लिहिणारी घरं आहेत. राज्यात बौद्धांचं प्रमाण २००१ च्या ६.०३ टक्क्यांवरून २०११ ला ५.८१ वर आलं. दीक्षाभूमीवरची गर्दी वाढते आणि रकान्यातली घटते, याचा हिशेब आपणच द्यायचा आहे.

तिसरा आक्षेप प्रस्थापितांचा: "जात मोजली की जातीयवाद वाढतो." यांच्या लग्नपत्रिकेत, सोसायटीत, पक्षाच्या तिकीटवाटपात जात रोज मोजली जाते. प्रत्येक मतदारसंघात कोणत्या जातीची किती मतं, हे यांच्या प्रत्येक नेत्याला तोंडपाठ असतं. फक्त सरकारी कागदावर ती आली की यांना देशाच्या एकतेची काळजी वाटते. मोजदाद झाली की आपल्याकडे किती जास्त आहे तेही दिसेल, ही खरी भीती.

आता काय करायचं

धर्म: बौद्ध. 'नवबौद्ध' नाही, 'हिंदू-बौद्ध' नाही, नुसतं बौद्ध.

अनुसूचित जाती: होय. आणि जातीच्या जागी यादीतली आपली जात, जी दाखल्यावर आहे ती. महार असाल तर महार. महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत, त्यात 'बौद्ध' नावाची जात नाही. जातीच्या जागी 'बौद्ध' लिहिणं म्हणजे स्वतःला यादीबाहेर ठेवणं.

प्रगणक प्रश्न गाळत असेल तर थांबवा, नम्रपणे पण ठामपणे. विचारा, "सर, अनुसूचित जातीच्या प्रश्नात काय नोंदवलं?" यंदा नोंद मोबाइलवर होणार आहे, तेव्हा पडद्यावर काय भरलं ते वाचून दाखवायला सांगा. स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे; वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी चार-चार घरांची जबाबदारी घ्यावी.

कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेली, ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर असलेली कुटुंबं सर्वांत आधी निसटतात. ती जिथे असतील तिथे मोजली गेली पाहिजेत. त्यांना फोन करून सांगा.

आणि हे फक्त बौद्धांसाठी करू नका. मातंग, चर्मकार, वाल्मीकी, सगळ्या वस्त्यांत जा. वस्तीविकासाचा निधी वस्तीच्या लोकसंख्येनुसार मिळतो. त्यात एक घर सुटलं तर गटार, रस्ता, समाजमंदिर सगळ्यांचंच अडतं. ओबीसी आणि भटक्या बांधवांनाही सांगा की पोटजातीच्या नावात गोंधळ करू नका. गवळी निकालाचा मार त्यांनी खाल्ला आहे, ते ऐकतील.

येत्या १४ एप्रिलला डीजेवर जेवढा खर्च होईल, त्यातला दहावा हिस्सा या कामाला ठेवा. प्रत्येक विहारात एक फलक लावा: धर्माच्या रकान्यात काय, जातीच्या रकान्यात काय. एवढं झालं तरी पुरे.

आजोबा २०१९ ला गेले. त्यांची नोंद आता दुरुस्त होणार नाही. पण त्यांच्या ओट्यावर २०२७ ला जो प्रगणक येईल, त्याच्यासमोर मी बसणार आहे. तुमच्या ओट्यावर कोण बसणार, ते आजच ठरवा.

जय भीम! जय संविधान!